घरपोच आलेला घट

फार पूर्वी एका वनात घटस्थापनेच्या आदल्या दिवशी स्वस्त घटांचा बाजार भरे. गर्दीत तुडवले जाण्याच्या भीतीने म्हाताऱ्या सशिणीने कावळ्याकरवी घट घरीच मागवला.

शेजारचा साळिंदर हसला. "आजी, दारात बसून कुठे खरेदी होते? मी रेटारेटीत दोन पटकावले!"

"वाजवून पाहिलेस?"

"तेवढी उसंत कोणाला होती?"

इतक्यात कावळ्याने घट आणला. सशिणीने त्यावर नखाने टिचकी मारली. आवाज बद्द आला.

"हा तडकलेला आहे. देवीपुढे चालणार नाही. दुसरा आण."

"घरपोच आणला, तरी कुरकुर?"

"पाय वाचवले, बाबा, कान गहाण टाकले नाहीत."

कावळा तो घट उचलून परतला. साळिंदराने आपले घट वाजवले आणि मान खाली घालून पुन्हा बाजाराची वाट धरली.