लिंबाजी शाळेचा खांब होतो

एका गावच्या शाळेत एक भोळा शिपाई होता. नाव लिंबाजी. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही, आणि पंचाईत होती ती हीच.

शाळेत बत्तीस पोरं उरली होती. त्यांतल्या सात जणांच्या आईबापांनी तालुक्याच्या शाळेत घालायचं म्हणून दाखले मागितले होते. ती पोरं गेली की शाळा बंदच. म्हणून नव्या मुख्याध्यापिका खरोटेबाईंनी सुधार समिती केली. त्या स्वतः, ढेपे गुरुजी, खिचडी शिजवणाऱ्या गोदाक्का आणि लिंबाजी. एकोणीस वर्षं खुर्च्या मांडणारा लिंबाजी त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवर बसला. अगदी टोकावर बसला. बाई म्हणाल्या की शाळा सगळ्यांची आहे, यापुढे सगळ्यांना विचारल्याशिवाय कुणी काही करायचं नाही. लिंबाजीने ते मनात पक्कं बांधून ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी पाण्याची टाकी भरून वाहू लागली. मोटार बंद करू का, असं लिंबाजीने बाईंना विचारलं. गोदाक्कांना विचारलं. दोघी हो म्हणून आपापल्या कामाला लागल्या. ढेपे गुरुजी रजेवर होते, म्हणून सायकल काढून तो दोन गावं ओलांडून त्यांनाही विचारून आला. तोवर मैदानात बेडूक आले होते.

बाईंनी समजावलं की काही वाहायला लागलं तर विचारत बसायचं नाही, तिथल्या तिथे बंद करायचं.

मग थंडी पडली. पहिलीच्या वर्गात नऊ नाकं वाहत होती. लिंबाजीने कुणालाही विचारलं नाही. कापसाचे अठरा बोळे केले आणि सगळ्या नाकपुड्या बंद केल्या. गुरुजींनी फळ्यावर 'मामा आला' लिहिलं. पोरांनी वाचलं, 'बाबा आला.' गुरुजींनी तीनदा फळा पुसून पुन्हा लिहिलं.

बाईंनी पुन्हा समजावलं. लेकरांचं काहीही करायचं असलं तर आधी त्यांच्या आईबापांना बोलवायचं.

पुढे समितीने ठरवलं, शनिवारी चौघांनी मिळून पोरांचं वाचन घ्यायचं. म्हणजे लेकरांचंच काम. लिंबाजी शेतोशेती पळत सुटला. लगेच शाळेत चला, लेकरांचं आहे, एवढंच सांगत गेला. माणसं हातातले विळे तसेच घेऊन धावली. काही आया रडतच आल्या. बघतात तर पोरं धडाधड वाचतायत. मग त्या पुन्हा रडल्या, पण वेगळ्या कारणाने. सातही जणांच्या आईबापांनी दाखल्याचे अर्ज मागे घेतले.

बाईंनी लिंबाजीला पुढे बोलावलं. "लिंबाजीभाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही या शाळेचा खांब आहात."

लिंबाजीची छाती फुगली. खांबाला नेमकं काय काम असतं, याचा त्याने सगळा रविवार विचार केला.

सोमवारी तालुक्याचे साहेब तपासणीला आले. फाटकाला आतून कुलूप. बाहेर साहेब, समिती आणि बत्तीस पोरं. आत व्हरांड्यात लिंबाजी स्टुलावर ताठ उभा, दोन्ही तळवे छताला टेकवलेले, किल्ली कमरेला.

बाईंनी त्याला फाटक उघडायला सांगितलं.

"बाई, खांब कुठं हालतो का?"

बाहेर समितीची तातडीची बैठक झाली आणि एकमताने ठरलं. गुरुजी ओणवे झाले, गोदाक्कांनी हात दिला, बाईंनी साहेबांचे बूट धरले. साहेब फाटकावर चढले आणि एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून बसले.

लिंबाजीने तळवे छताला आणखी घट्ट टेकवले.

"साहेब, हळू उतरा," तो काकुळतीने म्हणाला. "हादरा बसला तर सगळी शाळा माझ्या एकट्यावर येईल."