उचललेला घास

तुळोबा महाराजांच्या पायांना भिंगरी होती. आज या गावी तर उद्या त्या गावी. पण आश्विन लागला की ते सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडतळ्याला येत आणि भात घरात येईपर्यंत ग्रामदेवीच्या देवळात मुक्काम करीत. महाराज म्हणायचे, "नवा तांदूळ शिजताना जो वास सुटतो, तो देवालाही वैकुंठात बसू देत नाही, मग माझी काय कथा!" भाविकहो, अशाच एका आश्विनात, नव्याच्या पुनवेला तिथे जे घडले ते सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

कोंडतळ्यात या दिवशी घरधनी शेतातून भाताच्या पिकल्या लोंब्या आणतो, त्यांत आंब्याची पाने आणि झेंडू गुंफतो आणि ती जुडी दारावर बांधतो. त्या जुडीला 'नवं' म्हणतात, आणि त्या दिवशीच्या भातालाही. मग नव्या तांदळाचा गूळखोबरे घातलेला भात शिजतो आणि अख्खे घर एका पंगतीला बसते.

धाकू आणि आनशी या जोडप्याच्या घरी मात्र पाच वर्षांपूर्वी याच 'नव्या'वरून बिनसले होते. धाकूचा थोरला भाऊ विश्राम त्या पुनवेला तापाने फणफणला होता. दादाला कशाला उठवायचे, अशा भोळ्या विचाराने धाकूने लोंब्या आणल्या आणि स्वतःच दारावर बांधल्या. झाले! विश्रामच्या मस्तकात तिडीक गेली. "मी जिता असताना हा घरधनी झाला?" त्याचा ताप दोन दिवसांत उतरला, राग काही उतरला नाही. त्याने चूल वेगळी केली आणि अंगणाच्या मधोमध पुरुषभर उंच दगडी गडगा घातला.

त्यांची आई सोनाई थोरल्याकडे राहिली, पण तिने त्याच दिवशी सांगून टाकले, "दोन चुलींचं नवं मी खायची नाय." तेव्हापासून ती जुन्या तांदळाचीच पेज पीत होती.

आनशी मोठी चिवट बाई. महाराजांवर तिची श्रद्धा होती आणि माणसांवरही. दर पुनवेला ती अकरा पाने मांडायची, पाच आपल्या घरची आणि सहा गडग्यापलीकडची. सगळी वाढून झाली की हाक मारायची, "पानं वाढल्यात, जेवाय या." पलीकडून विश्राम हसायचा. "पानं मांडून माणसं येत असती, तर बोलावणी धाडायचा खटाटोप कुणी केला असता?" त्याला जोडून महाराजांचाही उद्धार व्हायचा. "तुझ्या त्या महाराजांना सांग, आमाला गडग्यावरनं उडवून न्या म्हणावं."

या वर्षी आनशीचा धीर सुटला. सोनाईने ऐंशी ओलांडली होती आणि श्रावणापासून तिने अंथरूण धरले होते. पुनवेच्या सकाळी आनशी देवळात गेली.

"महाराज, मला दुसरं काय नको. आयच्या तोंडात नव्याचा घास पडू दे. पुढची पुनव ती बघंल असं वाटत नाय."

महाराज म्हणाले, "बाय, आज बारावं पान माझं मांड. पण पंगत भरेपर्यंत मी उचललेला घास खाली ठेवणार नाही आणि तोंडातही घालणार नाही."

तिकडे विश्रामने काय केले होते? गावात पहिली रास आपली लागावी म्हणून आदल्या दिवशी मजूर लावून त्याने सगळे भात कापून आडवे केले होते. मजूर सणाला आपापल्या घरी गेले. चार घरची माणसे बोलावून काम उरकायची गावाची रीत होती, पण "माझं मी बघीन" म्हणून त्याने ती धुडकावली. वर्षाचे भात उघड्या शेतात पडून होते.

दुपारी महाराज येऊन बसले. पाने वाढली गेली, आनशीने हाक मारली, विश्रामने ठरलेले उत्तर दिले. महाराजांनी भाताचा घास उचलला आणि हात अर्ध्यावरच थांबवला. तेवढ्यात डोंगरावर ढग गडगडले.

बघता बघता काळोखून आले. परतीचा पाऊस डोंगर उतरत होता, पलीकडची वाडी दिसेनाशी झाली होती. विश्राम, त्याची बायको भागीरथी आणि मुले धावत सुटली. शेत धाकूच्या घरामागे, पण मध्ये गडगा! स्वतःच घातलेल्या त्या गडग्यापायी त्यांना ओढ्यावरून मोठा वळसा घ्यावा लागला.

धाकूने महाराजांकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघतोस?" महाराज म्हणाले. "ज्यांच्या पानांवर कुणी बसलेलं नाही, त्यांच्यामागे जा."

धाकू उठला, आनशी उठली, पोरे उठली. कुणी एक शीत तोंडात घातले नव्हते. विश्राम शेतात पोचला, तर धाकूने पहिला भारा डोक्यावर घेतलेलासुद्धा होता! बोलायला वेळ कुणाला होता? पोरे पेंढ्या गोळा करीत होती, बाया भारे बांधत होत्या, दोघे भाऊ ते उचलून पळत होते. आणि काय सांगू! उजवीकडच्या शेतात धारा कोसळत होत्या, डावीकडचा बांध वाहून चालला होता, पण विश्रामच्या भातावर एक थेंब पडत नव्हता.

"भावोजी, वळसा नको, इकडनं आणा!" आनशी ओरडली. विश्राम धाकूच्या अंगणातून गडग्यापाशी आला आणि अडला. मग त्याने भारा खाली टाकला. कुठला दगड कच्चा आहे, हे घालणाऱ्याला ठाऊक होते. तो त्याने उपसला, दुसरा धाकूने, आणि बैलगाडी जाईल एवढी वाट झाली.

दिवेलागणीला शेवटचा भारा विश्रामच्या पडवीत पडला. घामाने निथळत सगळे धाकूच्या ओटीवर आले आणि जागच्या जागी थबकले. महाराज डोळे मिटून तसेच बसले होते. घास धरलेला हात दुपारपासून तसाच अधांतरी होता. अकराही पानांवरच्या भातातून वाफ निघत होती. आणि शेजारच्या पानावर सोनाई बसली होती.

"आये, तू कशी आलीस?" विश्रामने विचारले.

"वाट झाली, म्हणून आले," म्हातारी म्हणाली.

सगळे आपापल्या पानावर बसले. आनशी म्हणाली, "महाराज, पंगत भरली."

महाराजांनी डोळे उघडले. "विश्राम, हात आखडलाय रे. जरा वळव." विश्रामने दोन्ही हातांनी त्यांचे कोपर धरले. महाराजांनी नजरेने खुणावले तसा त्याने तो हात वळवला, आणि तो घास सोनाईच्या तोंडात पडला. त्याच क्षणी कौलांवर धो धो पाऊस कोसळला.

म्हातारी तो घास किती वेळ घोळवीत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. विश्रामने महाराजांचे पाय धरले आणि तो लहान पोरासारखा रडला.

"मी नुसता बसून होतो," महाराज म्हणाले. "पाच वर्षं तुझं पान कुणी मांडलं, ते आठव."

मोठ्या दिराने धाकट्या भावजयीपुढे हात जोडलेले कोंडतळ्याने कधी पाहिले नव्हते. विश्रामने ते जोडले. आनशी गडबडून पदर सावरीत मागे सरली.

"धाकटे, पुढच्या सालापासनं नवं धाकूनंच बांधायचं," तो म्हणाला. "आणि तू हाक मारू नको. तू हाक मारायच्या आदी मी पानावर येऊन बसंन." एवढे बोलून त्याने पुन्हा महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.