केशर आणि अफूची बोंडं

पक्षी माणसांसारखेच बोलत आणि भांडतही असत, त्या काळातली ही गोष्ट. एका वडाच्या ढोलीत केशर नावाचा पोपट बायकोसह राहत होता. भरारी मारण्यात सगळ्या थव्यात पहिला.

एकदा नदीपलीकडच्या मळ्यात त्यानं अफूचं बोंड फोडून चाखलं. अंग हलकं झालं, आणि आपण गरुडच आहोत अशी त्याची खात्री पटली. दुसऱ्या दिवशी एका बोंडात गरुड होता येईना, म्हणून त्यानं दोन खाल्ली. पुढं पुढं नुसतं पोपटासारखं बसायलाही त्याला बोंड लागू लागलं. ते मिळालं नाही की अंग ठणके, पाय लटपटत.

"अहो गरुडराव, फांदी तरी नीट धरा!" बायको पाचू हसायची.

"मनात आलं की बोंडं सोडेन," तो गुर्मीत म्हणायचा.

एके सकाळी ससाणा झेपावला. "उडा!" पाचू ओरडली. थवा उडाला. केशरलाही उडायचं होतं, पण पंख उघडेचनात. तो फांदीवरून घसरून काटेरी झुडपात पडला, म्हणूनच वाचला.

"हाक ऐकली नाहीत?" पाचूनं रडत विचारलं.

"मी ऐकली गं. पंखांनी नाही ऐकली." त्यानं मान खाली घातली. "मला ढोलीत कोंड. कितीही ओरडलो तरी सोडू नकोस."

पाचू ढोलीच्या तोंडाशी ठाण मांडून बसली. आत तो थरथरला, ओकला, कण्हला; पुढं तर त्याचा आवाजही निघेना. मग एके दिवशी त्यानं तिला मनसोक्त शिव्या घातल्या.

"द्या, द्या," डोळे पुसत पाचू म्हणाली. "आवाजात जीव आला म्हणायचा!"