अंगठा की थैली?

फार मागे, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही दुधाचे दात यायचे होते तेव्हा, घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावाची ही गोष्ट माझ्याइतकी चांगली कुणालाच सांगता येत नाही. ज्यांना येत होती ते सगळे वारले, म्हणून.

त्या गावातले निम्मे पुरुष मिठाचे बैल हाकत दूरदेशी जात. मागे राहिलेल्यांना पत्रांचाच आधार. म्हणून तिथे बाया काय आणि बापे काय, सगळे अक्षराला अक्षर लावून वाचायला शिकलेले. चावडीच्या भिंतीवर ओळीने खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला एकेका घराची कापडी थैली. पंधरवड्याने जासूद येई आणि वरच्या फटीतून पत्र आत टाकी. काढायचं मात्र खालच्या तोंडातून, आणि त्या तोंडाला त्या घराची गाठ. प्रत्येक घराची गाठ निराळी. ती घराबाहेर कुणाला शिकवायची नाही. लेक सासरी जाताना दागिना नेई न नेई, माहेरची गाठ मात्र बोटांत घेऊन जाई. तिकडून पत्र धाडलं तर ते त्याच गाठीने बांधायचं.

चावडीच्या पायरीवर एक दगड होता. त्यावर कोरलेलं होतं, ‘जो परक्याची गाठ सोडील त्याचा उजवा अंगठा तोडावा.’ कधीकाळी कुणी किल्लेदाराची थैली उघडून शत्रूला बातमी दिली होती आणि किल्ला गेला होता. त्या रागात राजाने हे कोरून घेतलं. पण गेल्या तीन पिढ्यांत एकही अंगठा तुटला नव्हता. गावकरी पाहुण्यांना दगड दाखवत आणि छाती पुढे काढून सांगत, बघा, आमच्याकडे परक्याच्या गाठीला कुणी हात लावत नाही.

हे चालू असताना म्हादबा तिथेच पायरीवर बसलेला असे आणि मिशीतल्या मिशीत हसे.

म्हादबा म्हणजे गावातला सगळ्यात जुना टवाळ. त्याच्या पागोट्यात बाभळीचा एक लांब काटा खोचलेला असे. त्या काट्याने तो कुठलीही गाठ सोडी, आणि पुन्हा अशी बांधी की घरच्यांनाही शंका येऊ नये. पंचक्रोशीत मला न सुटणारी गाठ नाही, असं तो म्हणे. लगेच पुढे म्हणे, घाईच्या वेळी धोतराची तेवढी सुटत नाही.

वाचून तो करायचा काय, तर गंमत. पाणवठ्यावर एखादीला हळूच विचारायचं, “जावईबापूंच्या पाठीवरचा फोड बसला का गं?” तिचा घडा हातातच राही. फोडाचं तर फक्त पत्रात होतं. ती मनात चरफडे. पण एका फोडापायी म्हाताऱ्याचा अंगठा कोण तोडायला लावणार? ती गप्प बसे. तिची शेजारीण तिच्या गोष्टीसाठी गप्प बसे. अशी सगळी गल्ली गप्प होती, आणि प्रत्येकीला वाटे की आपलीच एकटीची थैली फुटली. तीन पिढ्या अंगठे का शाबूत राहिले, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. नसेल आलं तर पुढे येईल, माझ्याही उशिराच आलं होतं.

आणखी एक. भिंतीवर सगळ्यात फुगलेली थैली म्हादबाचीच. त्याचा लेक लांब बंदरावर होता. लेक आता बडा कारभारी झालाय, दर पंधरवड्याला लिहितो, वाचायला आपल्याला सवड कुठे, असं तो सांगे. लोक त्या फुगलेल्या थैलीकडे बघत आणि मान डोलवत.

एका पंधरवड्याला त्याने ठकूबाईची थैली उघडली. ठकूबाई म्हशी राखून दुधावर पोट भरणारी, नवरा नसलेली बाई. तिची एकुलती लेक येसू सात कोसांवर, घाटापलीकडे दिलेली. पत्र येसूचंच होतं. लिहिलं होतं, आई, सासू घास मोजते आणि नवरा हात उगारतो. येत्या पंचमीला ही दोघं जत्रेला जाणार आहेत. मी मागच्या दाराने निघते. नदीच्या उताराला उभी राहा. कुणाला सांगू नकोस.

म्हादबाने पत्र होतं तसं घडी करून ठेवलं. पोरीचं वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. पण जिभेला खाज होती. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर मिठाचे बैलवाले बसले होते, त्यांच्यासमोर तो सहज बोलून गेला की पंचमीला ठकूबाईला नदीवर पाहुणी यायची आहे, वाजंत्री सांगितलंय का विचारा. सगळे हसले. त्यातला एक बैलवाला घाट चढून गेला आणि पलीकडच्या गावात त्याने तीच गंमत सांगितली. तिथे कुणी हसलं नाही.

पंचमीला ठकूबाई उजाडल्यापासून उताराला उभी होती. फडक्यात गरम भाकरी बांधलेली. म्हादबा पायरीवरून तिला जाताना बघत होता. दिवे लागायच्या वेळी ती परत आली तेव्हा फडक्याची गाठ तशीच होती. ती त्याच्या समोरून गेली, तेव्हा तो पागोटं सारखं करू लागला. दोन दिवसांनी बातमी आली. येसूला कोंडून ठेवलं होतं. कागद, शाई, सगळं काढून घेतलं होतं.

पाणवठ्यावर कोण काय बोललं होतं ते ठकूबाईला बैलवाल्यांकडून कळलं, आणि तीन पिढ्यांत पहिल्यांदा कुणीतरी चावडीवर फिर्याद घेऊन आलं.

पाटलांनी पंचांना बोलावलं. म्हादबाने काही लपवलं नाही. तो म्हणाला, “सोडली मी गाठ. पण चोरलं काय? कागद होता तसा आहे, अक्षरं होती तशी आहेत.”

ठकूबाई म्हणाली, “कागद आहे. लेक नाही.”

मग पंचांत वाद झाला, आणि तो वाद अजून कुठे ना कुठे चालूच असेल. एक म्हणाला, दगडावर लिहिलंय ते करा, नाहीतर दगड कशाला ठेवलाय, धुणं आपटायला? दुसरा म्हणाला, किल्ला विकणाऱ्याला अंगठा आणि थट्टा करणाऱ्यालाही अंगठा, हा कुठला न्याय? तिसरा म्हणाला, थट्टा त्याची, पण पोर कोंडली गेली ती काय थट्टेत? पाटलांनी कपाळाला हात लावला. शेवटी त्यांनी ठकूबाईलाच विचारलं, तुझं काय म्हणणं?

“अंगठा घेऊन मी काय त्याचं लोणचं घालू?” ती म्हणाली.

तेवढ्यात देवळाच्या गुरवाला युक्ती सुचली. तो म्हणाला, जशास तसं करा. याने दुसऱ्याची थैली उघडली, याची थैली उघडा. वर्षभर भिंतीवर उघडी लटकू दे, येईल त्याने वाचावं. सगळ्यांना पटलं. रक्त सांडायचं नाही, न्याय झाल्यासारखा आणि वर करमणूक. इतकी सौम्य शिक्षा म्हणून पाटीलही निवले. बाया हसायला लागल्या. बंदरावरच्या कारभाऱ्याची पत्रं ऐकायला कुणाला नको?

म्हादबा मात्र कागदासारखा पांढरा पडला. तो उठला, पायरीवर आला आणि दगडावर उजवा हात पसरून बसला.

“अंगठा घ्या,” तो म्हणाला. “थैली उघडू नका.”

हा माणूस मोठी शिक्षा मागतोय आणि धाकटी नाकारतोय, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. त्याच्या मात्र तेव्हाच डोक्यात शिरलं की धाकटी कुठली आणि मोठी कुठली. आयुष्यभर त्याने लोकांच्या थैल्या, आत नुसता कागद आहे असं समजून, उघडल्या होत्या.

ठकूबाई भिंतीपाशी गेली. म्हादबाची थैली तिने खुंटीवरून काढली, हातावर तोलली, जराशी दाबली. आत कुरकुर वाजलं. चाळीस वर्षं म्हशींपुढे पेंढा टाकणाऱ्या बाईला तो आवाज काही ओळखायला शिकवावा लागत नाही. ती थैली पेंढ्याने ठासून भरलेली होती. बंदरावरून बारा वर्षांत एक ओळ आली नव्हती.

तिने म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. तिने थैली परत खुंटीला लावली.

“राहू दे,” ती पाटलांना म्हणाली. “ही उघडून माझी लेक यायची नाही. याला घुंगुरकाठी द्या.”

घुंगुरकाठी म्हणजे जासुदाची खूण. ती वाजवत जो दारात येईल त्याला राजाच्या आज्ञेने कुणी अडवायचं नाही, आणि जिथे थैल्या नाहीत तिथे ज्याच्या नावाचं पत्र त्याच्याच हातात द्यायचं. ठकूबाईने मागितलं ते इतकंच. दर पंधरवड्याला म्हादबाने सात कोस चढून जायचं, येसूच्या दारात उभं राहायचं, तिला बाहेर बोलवायला लावायचं, आईचं पत्र तिच्या हातात द्यायचं आणि तिचं उत्तर मागायचं. येसूच्या हातचं उत्तर येईपर्यंत त्याची शिक्षा संपायची नाही. पाटलांनी वर एक जोडलं, “तोवर तो अंगठा गावाचा. तुझ्या हाताला नुसता सांभाळायला ठेवलाय.”

म्हादबा निघाला. पहिल्या खेपेला सासूला नाइलाजाने येसूला दारात आणावं लागलं. पोर वाळून काडी झाली होती. तिने आईचं पत्र घेतलं आणि याला विचारलं, “तुम्हीच ना ते?” तो हो म्हणाला. ती आत निघून गेली. दुसऱ्या खेपेला तिने नुसतं त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. तिसरी, चौथी, पाचवी खेप. दर वेळी सासू उंबऱ्यावर पहाऱ्याला, आणि दर वेळी म्हादबा रिकामी झोळी घेऊन घाट उतरे. गुडघे बोलायला लागले. ठकूबाई झोळीकडे बघे, आणि पुढचं पत्र त्याच्या हातात ठेवी.

सहाव्या खेपेला म्हादबाने दारात काठी वाजवली आणि खाली मांडीच घातली. सासूदेखत, शेजारीपाजारी ऐकत असताना मोठ्याने म्हणाला, “येसू, तुझं मी एक फोडलं, माझं एक घे. माझ्या थैलीत पेंढा आहे गं. लेकाने बारा वर्षांत विचारलं नाही. मीच दर जत्रेला जुना पेंढा काढतो आणि नवा भरतो, गावात पत ढळू नये म्हणून.”

सासू अशी हसली, अशी हसली की डोळ्यांना पदर लावून खाली बसली. शेजारणी लोटपोट झाल्या. आयुष्यभर म्हादबाने लोकांना हसवलं होतं, पण स्वतःच्या जिवावर हा पहिलाच विनोद. येसू तेवढी हसली नाही. तिच्या चोळीत कधीची एक चिठ्ठी होती, आईच्याच पत्राच्या मागे चुलीच्या कोळशाने लिहून माहेरच्या गाठीने बांधलेली. सासूचे डोळे पदरात होते तेवढ्यात ती चिठ्ठी म्हादबाच्या झोळीत पडली.

परतताना तो खिंडीत दम खायला टेकला. झोळी मांडीवर होती, आसपास माणूस नव्हतं. त्याचा हात पागोट्याकडे गेला आणि त्याने काटा काढला. मग त्याने त्या काट्याने टाचेतलं कुरूप कोरून काढलं, काटा तिथेच दगडाखाली टाकला आणि उठून चालू लागला.

ठकूबाईने गाठ बोटांनी चाचपली. गाठ घरचीच होती, न सोडलेली. तिने आत जाऊन चिठ्ठी वाचली. तिच्यात काय होतं? मला ठाऊक नाही. म्हादबालाही नव्हतं. तुम्हीही विचारू नका, अंगठे सांभाळा.

पंधरा दिवसांनी ठकूबाई उजाडता उजाडता म्हशी सोडून नदीकडे गेली, रोज जाते तशीच. ती माघारी आली तेव्हा म्हशींच्या मागे येसू होती. गावात कुणालाही आधी कळलं नव्हतं.

पाटलांनी जुनी ओळ खोडली नाही. किल्ला विकणारे अजून जन्माला येतात. पण तिच्याखाली त्यांनी नवी कोरून घेतली, ‘गाठ सुटल्यावर काय काय सांडलं ते आधी बघावं, मग शिक्षा सांगावी.’ आणि गंमत अशी की त्या वर्षी गावात अकरा फिर्यादी आल्या. आता लोकांना तोंड उघडायची भीती उरली नव्हती. अकरातल्या नऊ म्हादबाच्याच नावाच्या निघाल्या. शिक्षा म्हणून कुणाकडे त्याने कुंपण घालून दिलं, कुणाचं जळण फोडलं, एकीच्या जावयाची पाठ चोळून दिली. अंगठा कामाला आला.

तात्पर्य इतकंच, की शिक्षा गुन्हा करणाऱ्याला किती दुखली यावर तोलू नये. ज्याचं मोडलं त्याचं किती जुळलं, यावर तोलावी.

म्हादबाला मात्र हे पटायला वेळ लागला. एकदा तो ठकूबाईच्या ओट्यावर ताक पीत बसला होता. येसू आत म्हशीखाली धार काढत बसली होती. तो म्हणाला, ठकू, न्याय झाला म्हणतात, पण मी सहा वेळा घाट चढलो, अंगठा एका घावात सुटला असता. आणि एवढं चालून येसू येणार हे मलाच कुणी सांगितलं नाही. एक शब्द कानावर घातला असतास, तर गाठोडं उचलायला तरी उताराला आलो असतो.

ठकूबाईने त्याच्या भांड्यात आणखी ताक ओतलं.

“तुम्हाला कळलं नाही, म्हादूदादा,” ती म्हणाली, “म्हणून तर ती पोचली.”