दोरी कोणी ओढली?

त्या साली अवधगीर महाराजांचा मुक्काम पिंपळडोहच्या राममंदिरात होता. गाव कातारी लोकांचं. लाकूड दोन खुंट्यांमध्ये धरायचं, एकाने दोरी मागेपुढे ओढून ते गरगर फिरवायचं आणि दुसऱ्याने पटाशी लावून कातायचं. लाटणी, पाळणे, भोवरे, सगळं याच हातांचं!

रामजन्माच्या पाळण्याचे चार खांब दरवर्षी नवे कातायचे. तो मान रखमाजी कातारी यांच्या घराचा होता. पण रखमाजी पौषात वारले आणि मागे त्यांची बायको मथुराबाई एकटी राहिली. गावाची रीत अशी, की ज्या घरून खांब आले नाहीत त्या घराची हत्यारं दुसऱ्याकडे जायची. आळीचा म्होरक्या गणोजी त्या हत्यारांवर डोळा ठेवूनच होता. मथुराबाईने पटाशी हाती घेतलेली पाहून तो चारचौघांत म्हणाला, "वहिनी, लाटणं लाटायला असतं. ते कातणं बायकांचं काम नव्हे." आळी हसली.

ती माउली रडतच महाराजांकडे आली. "महाराज, पटाशी टेकवली की लाकूड उसळतं. मालकांची हत्यारं गेली तर मी पोटाला काय खाऊ?"

महाराज म्हणाले, "बाई, लाकूड एकदा तुझ्याकडे फिरतं, एकदा उलटं फिरतं. उलटं फिरतानाही तू पटाशी दाबून धरतेस, मग ते उसळणार नाही तर काय? तुझ्याकडे फिरलं की 'राम' म्हण आणि काप. उलटं फिरलं की गप्प राहा आणि हात उचल. आणि धार एकदम रुतवू नकोस. आधी पटाशीची पाठ टेकव, मग मूठ हळूच वर घे. धार आपली आपण लागेल."

आणि काय सांगावं! शेजारच्या घरातली जाऊ दोरी ओढू लागली, मथुराबाई "राम" म्हणत कापू लागली आणि शिवणीच्या लाकडाचे लांब लांब छिलके तिच्या मांडीवर पडू लागले. बघता बघता तीन खांब उभे राहिले. गणोजीच्या पोटात दुखू लागलं. त्याने आळीत बजावलं, "जो तिची दोरी ओढेल त्याच्या घरचं पाणी मला वर्ज्य." जाऊसुद्धा भिऊन घरात बसली.

नवमी उजाडली. चौथा खांब अजून ओबडधोबड, आणि भर दुपारी रामजन्म! एकटीने दोरी ओढावी की कातावं? मथुराबाईने मंदिराकडे तोंड करून हात जोडले. "महाराज, आता तुम्हीच या."

"आलोच आहे, बाई. पटाशी घे," असं म्हणत महाराज दारातून आत आले आणि त्यांनी दोरी धरली! मग काय विचारता, राम राम म्हणता म्हणता लाकडाला आकार येऊ लागला.

इकडे मंदिरात दाटी झाली होती. गणोजी पुढेच बसला होता. "ऊन डोक्यावर आलं. पाळणा काय तीन पायांवर बांधायचा?" असं तो म्हणतो आहे तोच मथुराबाई खांब घेऊन धापा टाकत आली.

गणोजी उठून उभा राहिला. "दोरी कोणी ओढली?"

"महाराजांनी. सकाळपासून माझ्याकडेच होते."

"वहिनी, देवळात तरी खोटं बोलू नका. महाराज पहाटेपासून इथे माझ्या शेजारी जप करताहेत. जागचे हललेसुद्धा नाहीत."

महाराजांनी खांब घ्यायला दोन्ही हात पुढे केले. तळहातांवर लाल वळ उठले होते आणि वळांत दोरीच्या अंबाडीचे धागे रुतले होते. लहानपणापासून दोरी ओढणाऱ्या गणोजीला ते कसले वळ हे कोणी सांगायला नको होतं. त्याने महाराजांच्या पायांवर लोटांगण घातलं.

महाराज म्हणाले, "गणोजी, माझे हात सोलवटलेत रे. पुढच्या कामाला बाईची दोरी कोण ओढणार?"

गणोजी डोळे पुसत उठला आणि मथुराबाईपुढे वाकला. "वहिनी, दोरी मी ओढीन. तुम्ही फक्त 'राम' म्हणा."