साळुंकीने सांगितलेला वाटा

एका राज्यात अशी रीत होती. राजवाड्याच्या दारावर एक साळुंकी बसे आणि उजाडता सांगे, आज जो मरेल त्याच्या मिळकतीत राजाचा वाटा किती. कधी म्हणे पाव, कधी निम्मा, कधी म्हणे काही नको. राजाच्याच मनात ठरत नव्हतं, पाखरू तरी काय करणार.

तिथे बहिरोजी नावाचा म्हातारा राही. त्याची सुपारीची बाग, गोड्या पाण्याची विहीर आणि सोन्याचा एक हंडा. सगळं लेकीला, गोदूला जावं, राजाला कणही नाही, म्हणून तो मांत्रिकाकडे गेला. मांत्रिकाने एक मुळी चघळायला दिली. म्हणाला, "तू बोलावशील तेव्हाच मरण येईल. पण तोवर तुझं काही कुणाच्या कामी येणार नाही."

तसंच झालं. बाग फुलली, पण फळ धरेना. दोर सोडला की विहिरीचं पाणी खाली जाई. हंड्याचं झाकण निघेना. साळुंकी 'काही नको' म्हणाली, तरी बहिरोजी म्हणे, आज राहू दे, पुन्हा म्हणेल की.

अशी वर्षं गेली. एकदा गोदूने त्याच्यासाठी भाकरी कढणात कुसकरली. मग दुसऱ्या ताटलीत स्वतःसाठीही कुसकरली. लेकीच्या तोंडातही दात उरले नव्हते. बहिरोजीची मान खाली गेली ती वर होईना.

घास तसाच ठेवून तो मांत्रिकाकडे गेला आणि म्हणाला, माझ्या डोळ्यांदेखत हे लेकीच्या कामी यावं, काय करू? "तीन गोष्टी आपल्या हाताने दे," मांत्रिक म्हणाला. "तिसरी जड जाईल."

त्याने गोदूला बाग दिली, फळ धरलं. विहिरीचा दोर दिला, पाणी वर आलं. हंडा दिला, पण झाकण हलेना.

गोदू म्हणाली, "आता काय राहिलं, अप्पा? दात देता का मला?"

बहिरोजीला हसू आलं नाही. खाली बघतच तो म्हणाला, "राजाचं निमित्त होतं, गोदू. सगळं दिलं तर तू मला विचारणार नाहीस, अशी भीती होती."

गोदूने ताटली त्याच्यापुढे सरकवली. "ते ठाऊक होतं मला. कढण निवतंय, जेवा."

झाकण आपोआप निघालं. बहिरोजी जेवला, आणि त्याने मरणाला हाक मारली.

त्या दिवशी साळुंकी 'निम्मा' म्हणाली होती. राजाचे शिपाई आले, तर म्हाताऱ्याची म्हणून एक काठी तेवढी उरलेली. त्यांनी ती मोडली, अर्धी गोदूला दिली, अर्धी दरबारात नेली. ती बघून राजाचीही मान खाली गेली. त्याने सगळ्यांना एकच वाटा कायमचा ठरवून दिला, आणि साळुंकी आपलं गाणं गायला मोकळी झाली.

गोदूने आपली अर्धी काठी बागेच्या फाटकाला अडसर म्हणून लावली. ते फाटक अजून ती काठी सरकवूनच उघडतं नि मिटतं.