रेघ कुठपर्यंत आहे?

“नजर गेली ते आपण सोसलं हो, वन्सं. पण आता नानांचं डोकंही चालेनासं झालंय. साधं आठवीचं गणित चुकतायत. रविवारी हे संस्थेला फोन करून सांगणारेत, की आता त्यांना काम देऊ नका म्हणून.”

एकदा एका नव्या सुनेने गॅलरीत कपडे वाळत घालताना सासूबाईंचे हे फोनवरचे बोलणे ऐकले. ते तिच्यासाठी नव्हते. पण नवी सून फारशी बोलत नसली, की तिला ऐकूही येत नसावे असा लोकांचा समज होतो, आणि त्या समजाचा सुनेला बराच उपयोग होतो. ती सून मीच.

नाना माझे आजेसासरे. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकवले. काचबिंदूने दृष्टी गेली आणि तिच्या मागोमाग गणितही गेले. कारण वर्तमानपत्र कुणीही वाचून दाखवते, समीकरण कोण वाचून दाखवणार? मी लग्न होऊन आले ती माझे काम बरोबर घेऊनच. एक संस्था मुलांसाठी गणिताचे पाठ इंटरनेटवर ठेवते. त्या पाठांची पाने मी तयार करते. ज्यांना दिसत नाही अशा मुलांसाठी फोन ती पाने वाचून दाखवतो, आणि हे वाचन ऐकून तपासणारे माणूस संस्थेला हवे होते. मी नानांचे नाव सुचवले. तेव्हापासून नाना रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून फोन कानाशी धरून बसू लागले, जणू शाळेची घंटा व्हायची आहे. हे काम गेले तर त्यांच्यापाशी आरामखुर्चीखेरीज काही उरणार नव्हते.

घडले होते ते एवढेच. फोनने वाचले, ‘क्ष अधिक सहा भागिले दोन बरोबर पाच. क्षची किंमत काढा.’ नाना म्हणाले, “दोन.”

माझा नवरा श्रीरंग फोनच्या पडद्याकडे बघून म्हणाला, “चार येतात, नाना.”

“तुझे चार असतील. माझे दोन.”

“अहो, समोर दिसतंय ना!”

“तुला दिसतंय,” नाना म्हणाले आणि हसले.

सासऱ्यांनी कागदावर करून पाहिले. चार. सासूबाईंना या वादात पडायचे नव्हते, म्हणून त्यांनी नानांना चहा विचारला. आमच्याकडे कुणाचे काही बिनसले आहे असे वाटले, की चहा विचारतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच समीकरण ऐकवले, तेव्हाही नाना शांतपणे दोनच म्हणाले. या वेळी कुणी वाद घातला नाही, आणि मला तेच जास्त लागले.

कपड्यांची बादली तशीच ठेवून मी नानांच्या खोलीत गेले. “नाना, दोन कसे आले?”

नानांनी उजवा तळहात माझ्यापुढे पसरला. “काढ.”

“काय काढू?”

“तुझं समीकरण. बोटाने. आणि घाई करू नकोस.”

मला काही उमगेना. पण मी त्यांच्या तळहातावर क्ष काढला, मग अधिक, मग सहा. त्याखाली या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढू लागले, तोच त्यांनी माझे बोट धरले.

“थांब. ही रेघ क्षच्याही खालून जाते?”

“हो. दोघांच्या खालून. आणि रेघेखाली दोन.”

“अस्सं! मग चारच. मी समजत होतो, रेघ फक्त सहाखाली आहे. सहाचे निम्मे तीन, त्यात दोन घातले की पाच. पोरी, तुझ्या चित्रात रेघ आहे, पण या फोनच्या बोलण्यात ती नाही.”

“मग तुम्ही तसं सांगितलं का नाही?”

“आपल्यापर्यंत काय पोचलं नाही, ते आपल्याला कसं कळावं? वर्गात कुणाचं उत्तर चुकलं, तर मी लगेच बरोबर उत्तर सांगत नसे. आधी विचारायचो, ‘कसं आणलंस?’ पुष्कळदा पोराचा हिशेब चोख असायचा. फळ्यावर माझीच रेघ आखूड पडलेली असायची. दोन दिवस मला सगळे ‘चार, चार’ म्हणून सांगतायत. दोन कसे आले, हे फक्त तू विचारलंस. बरं वाटलं मला.”

पाने करणारे आम्ही बहुतेक जण समीकरणाचे चित्र डकवतो आणि त्यामागे वाचनासाठी एक ओळ लिहून ठेवतो. चित्र देखणे दिसते, पण त्याच्या आत जाता येत नाही. त्या दुपारी मी चित्र काढून टाकले आणि समीकरण गणिताच्या खुणांच्या भाषेत लिहिले. त्यात अंश कुठे सुरू होतो आणि छेद कुठे संपतो, हे पानालाच ठाऊक असते. डोळ्यांना ते पूर्वीसारखेच दिसते. फोन मात्र म्हणाला, ‘अपूर्णांक सुरू. अंश, क्ष अधिक सहा. छेद, दोन. अपूर्णांक संपला.’ नव्या घराच्या खोल्या बघत हिंडावे तसे नाना एकेक बटण दाबत अंशात शिरले, छेदात उतरले, बाहेर आले. मग त्यांनी मला सहाच्या जागी आठ घालायला लावले, आणि बदललेले समीकरण ऐकून मांडीवर थाप मारली.

सासरी आल्यापासून मला पुष्कळ गोष्टी प्रेमाने सांगण्यात आल्या होत्या. शिकवण्यात आली ती ही पहिलीच, आणि ती देणाऱ्या त्या हाताची मी ऋणी आहे. समोरच्याचे उत्तर वेगळे आले, तर आपली रेघ त्याच्यापर्यंत पोचली होती का, एवढे आधी पाहावे.

रविवारी सासरे संस्थेच्या नंबराचा कागद घेऊन बसले. मी माझा फोन पालथा करून टेबलावर ठेवला आणि त्याला समीकरणाची जुनी ओळ वाचायला लावले. सासऱ्यांनी सवयीने ऐकता ऐकताच सोडवायला घेतले. “सहा भागिले दोन, तीन... पाचातून तीन गेले... क्ष बरोबर दोन.” आणि ते थांबले. श्रीरंगने माझ्याकडे पाहिले. सासूबाईंनी चहा विचारला नाही.

आतून नानांनी हळूच विचारले, “कसं आणलंस रे?”

सासऱ्यांनी नंबराचा कागद खाली ठेवला. तो उचलून मी पुन्हा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “फोन जरूर करा, बाबा. त्यांना सांगा, आतापर्यंतचे सगळे पाठ परत पाठवा. नाना ते पुन्हा ऐकणार आहेत, आणि मी त्यांच्या शेजारी बसणार आहे.”